तिकांडं डोक्यावर आलं तेव्हा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आम्ही कवी लोक आकाशाचं फार खातो. चंद्र, चांदणं, तारे, नक्षत्रं हा आमचा बिनभांडवली धंदा. माझा पहिला कवितासंग्रह परवा सहज चाळला, तर त्यात चंद्र चौदा ठिकाणी सापडला. चांदण्या किती, ते मोजायचं मी टाळलं. आणि हे सगळं लिहिणाऱ्या माणसाला त्या काळात कोणी अंगणात उभं करून विचारलं असतं, की बाबा यातली रोहिणी कुठली ते दाखव, तर त्याने विजेच्या खांबावरचा दिवाही दाखवला असता. मी मराठी घेऊन बी.ए. झालो. शुक्रतारा मला अलंकार म्हणून ठाऊक होता. तो संध्याकाळी पश्चिमेला आणि पहाटे पूर्वेला दिसतो, मध्यरात्री आपल्याकडे कधीच दिसत नाही, हे मला कुणी शिकवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आमच्या घरात आकाश वाचणारा माणूस होता, आणि तो कवी नव्हता. माझे अब्बा पिंजारी. यवतमाळ जिल्हा म्हणजे कापसाचा जिल्हा. दसऱ्यानंतर कापूस घरात येऊ लागला, की अब्बांचा हंगाम सुरू व्हायचा. खांद्यावर धुनकी घेऊन ते गावोगाव गाद्या-रजया भरायला जायचे. थंडीच्या दिवसांत कुणाच्या ओसरीवर नाहीतर खळ्यात झोपायचे आणि पहाटे पुढच्या गावाला निघायचे. मनगटात घड्याळ नव्हतं. सुट्टीत मी त्यांच्यासोबत असलो, की अंधारातच मला हलवून म्हणायचे, ‘‘उठ बेटा, तिकांडा सर पे आ गया.’’ मी डोळे न उघडताच उठायचो. तिकांडं म्हणजे काय, ते मान वर करून मी एकदाही पाहिलं नाही. मला वाटायचं, वेळेसाठी आहे तसला एखादा शब्द असेल.

मृग नक्षत्राच्या मधोमध एका ओळीत तीन तारे असतात. तेच तिकांडं. दिवाळीच्या सुमारास ते डोक्यावर येतात रात्री तीनच्या आसपास. मार्गशीर्षात बारा वाजता. संक्रांतीला दहाच्या पुढे. कारण कुठलाही तारा रोज चार मिनिटं आधी उगवतो. महिन्याला दोन तास. म्हणजे हे घड्याळ दर महिन्याला दोन तास पुढे पळणारं. अब्बांना हा हिशेब तोंडपाठ असणार, त्याशिवाय ते वेळेवर पोचले नसते. मला मात्र हे कळायला पुण्याला जावं लागलं.

2006 सालच्या डिसेंबरात एका कविसंमेलनासाठी मी पुण्याला गेलो होतो. संमेलनात माझी कविता अकराव्या क्रमांकावर होती, म्हणजे श्रोते उठून जायच्या वेळेला. दुसऱ्या दिवशी रिकामा वेळ होता. एक पुणेकर मित्र म्हणाला, ‘‘चल, आमच्या शाळेतलं आकाश दाखवतो.’’ मला वाटलं, पुणेरी चेष्टा असेल. पण टिळक रोडवरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये खरोखरच तारांगण आहे. कुसुमबाई मोतीचंद तारांगण. 1954 साली सुरू झालेलं. मुंबईचं नेहरू तारांगण 1977 चं. म्हणजे एका शाळेने महानगराच्या तेवीस वर्षं आधी आपल्या पोरांना घुमटाखाली बसवलं. काही ठिकाणी त्याला आशियातलं पहिलं तारांगण म्हटलेलं असतं. ते बरोबर नाही, जपानात ओसाकाला 1937 मध्येच तारांगण झालं होतं. पण स्वातंत्र्याला सात वर्षं झालेल्या देशात, जिथे शाळेला छप्पर असणं हीच मोठी गोष्ट, तिथे एका शाळेने छपरावर तारे आणले, एवढं पुरेसं आहे. त्याला आशियाची जोड कशाला?

तिथलं यंत्र अमेरिकेतल्या स्पिट्झचं. या स्पिट्झची हकीकत मला नंतर वाचायला मिळाली आणि फार आवडली. तारांगणाचं पहिलं यंत्र जर्मनीतल्या झाइस कंपनीने 1923 मध्ये बनवलं. ते अप्रतिम, पण किंमत अशी की मोठ्या शहरांनीच विचारावं. आर्मंड स्पिट्झ हा वृत्तपत्राच्या धंद्यात बुडालेला गृहस्थ. त्याच्या मनात आलं, लहान गावांनी आणि शाळांनी काय घोडं मारलंय? त्याने 1947 च्या सुमारास स्वस्तातलं यंत्र काढलं. तारे पाडायला गोल लागतो, पण गोल घडवणं महाग; म्हणून त्याने बारा सपाट बाजू जोडून डबा केला, त्याला ताऱ्यांच्या जागी भोकं पाडली आणि आत एक बारीक दिवा लावला. मोठ्या ताऱ्याला मोठं भोक, लहान ताऱ्याला लहान. झालं आकाश.

माझं बालपण टिनाच्या घरात गेलं. छपराला खिळ्यांची भोकं होती, त्यातून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडायचे. 24 ऑक्टोबर 1995 च्या सकाळी सूर्यग्रहण होतं. आपल्याकडे ते खंडग्रास होतं. त्या सकाळी घरातले सगळे कवडसे कोरीएवढे झाले. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पन्नास-साठ चंद्रकोरी! अम्मी आम्हाला बाहेर जाऊ देत नव्हती, आणि ग्रहण तर घरात येऊन बसलं होतं. स्पिट्झचं यंत्र पाहताना मला ते छप्पर आठवलं.

तर पुण्याच्या त्या घुमटाखाली आम्ही बसलो. सोबत एका शाळेची मुलं होती, आणि मुलं असतात तिथे अंधार झाला की ओरडा होणारच. तसा तो झाला. मग हळूहळू डोळे अंधाराला सरावले आणि एकेक तारा वर येऊ लागला तशी मुलं आपोआप गप्प झाली. मी कितीतरी मैफली पाहिल्या, पण एवढी शांतता कुठल्या शायराच्या वाट्याला आलेली पाहिली नाही. घुमटावर त्या ऋतूतली अख्खी रात्र फिरू लागली. पूर्वेकडून तीन तारे एका ओळीत उभे राहून वर आले. निवेदन करणाऱ्याने बाणाचा उजेड त्यांच्यावर टेकवला आणि सांगितलं, हा मृगाच्या पोटातला व्याधाचा बाण. खेड्यात याला तिकांडं म्हणतात.

श्रोतेहो, तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो. अब्बांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. ते तीन तारे सरकत सरकत माथ्यावर आले आणि माझ्या कानात ‘उठ बेटा’ एवढंच ऐकू आलं. अंधार होता हे बरं झालं. बाहेर आल्यावर मित्राने विचारलं, ‘‘काय, कविता सुचली वाटतं?’’ मी म्हटलं, हो. सुचली नव्हती.

त्यानंतर मला तारांगणांचा नादच लागला. नागपूरला गांधीसागर तलावाजवळ रमण विज्ञान केंद्र आहे. केंद्र 1992 चं, तिथलं तारांगण 1997 चं. आपल्याला तेच जवळ. एसटीने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. माझ्या दोन्ही मुलींना मी तिथे नेलं. शिवाय घरी नकाशा घेऊन गच्चीवर बसू लागलो. तो भारनियमनाचा काळ. सगळं गाव महावितरणच्या नावाने बोटं मोडत असे आणि मी गच्चीवर मनातल्या मनात आभार मानत असे. दोन-अडीच हजार तारे एका वेळी नुसत्या डोळ्यांना दिसू शकतात, पण त्यासाठी अंधार लागतो. आता रस्त्यावर पांढरे एलईडी आले, आणि वीस-पंचवीस तारे मोजले की मोजणी संपते.

नकाशावरची नावं वाचताना एक मौज झाली. पाश्चात्त्य नकाशांत ताऱ्यांना जी नावं आहेत, त्यातली पुष्कळ अरबी आहेत. इराणमधल्या अब्दुर्रहमान अल-सूफीने 964 साली ताऱ्यांचा ग्रंथ लिहिला; अशा ग्रंथांतून ती नावं युरोपात गेली. आपल्या श्रवण नक्षत्राचा मुख्य तारा म्हणजे ‘अल्तैर’, उडणारा गरुड. मृगाच्या पायातला राजन्य म्हणजे ‘रिजल’, अरबीत पाय. रोहिणी म्हणजे ‘अल-दबरान’, मागून येणारी. कुणाच्या मागून? कृत्तिकांच्या. आणि कृत्तिकांना अरबीत म्हणतात सुरैया, फारसीत परवीन. माझ्या मोहल्ल्यात तीन सुरैया आणि दोन परवीन आहेत. अगस्त्य ताऱ्याला अरबीत सुहैल म्हणतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुहैलचं पंक्चरचं दुकान आहे. त्याला मी हे सांगितलं, तर म्हणाला, ‘‘चाचा, मग दुकानावर तसा बोर्ड लावू का?’’ पलीकडच्या आळीत एक रोहिणी, दोन चित्रा आणि एक स्वाती. एवढं नक्षत्रमंडळ गावात नांदत होतं, आणि मी मुशायऱ्यात चांद-सितारे करत फिरत होतो.

आता 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी येतो. त्या दिवशी गुढीपाडवा होता, आणि रमजानचा चाँद दिसण्याची संध्याकाळही तीच. आम्ही गच्चीवर पश्चिमेकडे तोंड करून उभे. कोर दिसली, सलाम-दुआ झाल्या, निम्मे लोक खाली उतरले. पावणेआठच्या सुमारास आकाशातून जळते तुकडे एका रांगेत, आवाज न करता, सावकाश निघाले. विदर्भभर लोकांनी ते पाहिले. कुणी म्हणालं विमान पेटलं, कुणी म्हणालं क्षेपणास्त्र. शेजारची म्हातारी म्हणाली, ‘‘तारे तुटून राहिले बाप्पा, आता काही खरं नाही.’’ रात्री बातमी आली, की चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत लोखंडी कड्यासारखा मोठा तुकडा पडला. तो चिनी रॉकेटचा अवशेष असावा, असं अभ्यासकांनी सांगितलं. पण मधले ते तीन-चार तास लोक फार घाबरले होते. मला वाटतं, आकाशाची ओळख तुटली की असंच होतं. घरातला माणूस अंधारात खोकला तरी आपण दचकत नाही. परका खोकला की दचकतो.

त्या प्रसंगानंतर घाटंजी तालुक्यातल्या एका शाळेच्या विज्ञान शिक्षकांनी मनावर घेतलं, की मुलांना खरं आकाश दाखवायचं. तारांगण पुण्याला आणि नागपूरला. फुग्याचं फिरतं तारांगण बोलवायचं तर त्याला पैसे. आकाश मात्र शाळेच्या मागे फुकट पडलेलं. त्यांनी कुठून तरी एक दुर्बीण मिळवली आणि 24 डिसेंबरची संध्याकाळ ठरवली. तारीख अगदी विचारपूर्वक निवडली होती. त्या आठवड्यात डोळ्यांना दिसणारे पाचही ग्रह एकाच संध्याकाळी दिसत होते. आदल्या दिवशी अमावास्या झालेली, म्हणजे रात्रही काळी. आणि प्रमुख पाहुणा म्हणून, का कोण जाणे, मला बोलावलं.

शाळेमागे कापसाचं वावर. अर्ध्याअधिक वेचणी झालेली. मुलं पोत्यांवर, पालक कांबळी-शाली घेऊन. जवळच्या पाड्यातले एक गोंड आजोबा काठी टेकत आले होते. सूर्य बुडाला, आणि पश्चिमेला अगदी खाली, धुरकट लालसर उजेडात, केसाएवढी कोर दिसली. बोट दाखवूनही अनेकांना ती सापडत नव्हती. शेजारी शुक्र. मग कोर गेली, शुक्रही गेला. वर गुरू, खाली शनी, पूर्वेला लालभडक मंगळ, रोहिणीच्या जवळ. दुर्बिणीतून शनीचं कडं पाहिल्यावर एक मुलगा मागे सरकून दुर्बिणीच्या तोंडाशी गेला आणि आत चित्र चिकटवलं आहे का ते पाहून आला. मला तो मुलगा फार आवडला.

तिकांडं वर आलं, तेव्हा गोंड आजोबांनी काठी उचलून दाखवलं, ‘‘थो आमचा नांगर हाय.’’ मुलं हसली. पण हे हसण्यासारखं नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड, कोलाम, बंजारा वस्त्यांत हिंडून त्यांचं आकाश नोंदवून ठेवलं आहे. 2013-14 मध्ये ते निबंध प्रसिद्ध झाले. त्यात मृगातला नांगर आहे, सप्तर्षींची म्हातारीची बाज आणि ती चोरायला आलेले तीन चोरही आहेत. शिक्षकांनी हे सांगितल्यावर आजोबा पुढे येऊन बसले, आणि मग तासभर दुर्बिणीपेक्षा त्यांच्याभोवती जास्त गर्दी झाली.

आठच्या सुमारास मला कविता म्हणायला सांगितली. मी माझी सगळ्यात गाजलेली कविता म्हटली. अब्बांच्या जाण्यावरची. संमेलनांत तिला नेहमी दाद मिळते. त्या कवितेत अब्बा जातात ती मध्यरात्र आहे, आणि खिडकीत बीजेची बारीक कोर थांबली आहे. कविता संपली, टाळ्या झाल्या. पोत्यावरून एक मुलगी उठली. आठवीतली. म्हणाली, ‘‘सर, बीजेची कोर तर आत्ता सातच्या आतच बुडाली ना? मग ते मध्यरात्री खिडकीत कशी आली?’’

शिक्षक एकदम म्हणाले, ‘‘खाली बस. कवितेत तसं चालते.’’ मी त्यांना थांबवलं. खरं सांगायचं तर थांबवताना माझे कान गरम झाले होते. मी मुसलमान माणूस. जन्मभर ईदची कोर शोधत पश्चिमेला उभा राहिलेला. ती अर्धा-पाऊण तासात बुडते, म्हणून तर सगळी धावपळ. 2005 आणि 2006 मध्ये दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आल्या होत्या. भाऊबीजेची कोर आणि ईदची कोर यांत फारसा फरक नसतो, हे मीच तेव्हा एका लेखात मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. आणि तीच कोर मी मध्यरात्री खिडकीत टांगली होती! तीस वर्षांत एकाही समीक्षकाने ते पकडलं नाही. मी मुलीला म्हटलं, ‘‘तुझं बरोबर आहे. माझं चुकलं.’’ ती संकोचून बसली.

कार्यक्रम संपल्यावर शिक्षक माझी समजूत काढू लागले. मी म्हटलं, ते राहू द्या, मला एक सांगा, एखाद्या जुन्या रात्रीचं आकाश पाहता येतं का? त्यांच्या मोबाइलवर स्टेलॅरियम नावाचं तारांगण होतं. फुकट मिळतं. तारीख, वेळ, गाव घातलं की त्या क्षणाचं आकाश उघडतं. मी तारीख सांगितली : 14 जानेवारी 1991. संक्रांतीचा दिवस. शेजारचे तिळगूळ देऊन गेले होते, अब्बांनी उशाशी ठेवून दिला होता. वेळ रात्री दहा-सव्वादहा. गाव यवतमाळ.

चंद्र नव्हताच. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. पूर्वेला गुरू, मंगळ कृत्तिकांच्या शेजारी, आणि डोक्यावर तिकांडं.

घरी आलो तेव्हा अम्मी जागी होती. मी विचारलं, ‘‘अम्मी, अब्बा गए उस रात चाँद था क्या?’’ ती म्हणाली, ‘‘चाँद कहाँ का बेटा. घुप अंधेरा था. लाइट गई थी, कंदील नहीं मिल रहा था.’’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘‘तू बाहर बैठा था ओटे पे.’’ म्हणजे मी बाहेर बसलो होतो. आकाशाखाली. मान वर केली असती तर दिसलं असतं.

कविमित्रांशी मी हे बोललो. एक म्हणाला, कवितेतला चंद्र हा मनातला चंद्र असतो, त्याला पंचांग लावू नये. दुसरा म्हणाला, लोकांच्या ओठांवर असलेली ओळ बदलणं म्हणजे खोदलेला दगड पुन्हा घासणं. दोघांचंही म्हणणं मला समजतं. एरवी मीही तेच म्हटलं असतं. पण ही कविता मी साक्षीदार म्हणून लिहिली होती, त्या रात्री मी तिथे होतो असं सांगत लिहिली होती. नव्या आवृत्तीची वेळ आली तेव्हा मी ते कडवं काढून दुसरं घातलं. दादीच्या दृष्टीने जुनं कडवं बरं होतं, हे मान्य आहे. संमेलनात लोक अजून तेच मागतात.

छापून आल्यावर एक प्रत मी त्या मुलीसाठी शाळेच्या पत्त्यावर पाठवली. पहिल्या पानावर तिचे आभार मानले. पुढच्या संक्रांतीनंतर आठवडाभराने शाळेतून पोस्टकार्ड आलं, तिच्या अक्षरात. लिहिलं होतं, की सर, तुमची कविता वाचून आम्ही चौघी जणी संक्रांतीच्या रात्री शाळेमागच्या वावरात थांबलो होतो. माझे बाबा सोबत होते. तिकांडं बरोबर डोक्यावर नाही आलं, थोडं दक्षिणेला होतं. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.